आधी वाढ, मग संकेत: कोरम सेन्सिंगचा पहिला प्रयोग लावणाऱ्यांसाठी

माझी पहिली 'यशस्वी' प्लेट अजून डोळ्यांसमोर आहे. सगळीकडे गडद जांभळा थर आणि मधोमध, मी टाकलेल्या अर्काभोवती, रंग नसलेलं गोल वर्तुळ. हे जिवाणू आपापसातल्या रासायनिक संवादातून, म्हणजे कोरम सेन्सिंगमधून, जांभळा रंग बनवतात. तो संवाद आपण बंद पाडला, अशी माझी खात्रीच झाली. फोटो काढले, तोच प्रयोग आणखी चार वेळा लावला, दर वेळी तेच वर्तुळ. मग प्रयोगशाळेतल्या एका सीनियरनं प्लेट उजेडासमोर धरली आणि विचारलं, "यातून पलीकडचं स्वच्छ दिसतंय. इथे पेशी आहेत तरी का?" नव्हत्या. माझ्या अर्कानं जिवाणू मारले होते. मेलेल्या जिवाणूंनी रंग तयार केला नाही, एवढाच काय तो शोध.

त्यानंतर जे मला उलट्या क्रमानं शिकावं लागलं, ते इथे सरळ क्रमानं देते आहे. संकेतांचा कुठलाही प्रयोग आतून वाढीचाच प्रयोग असतो. पेशी किती आहेत, जिवंत आहेत का आणि वाढीच्या कुठल्या टप्प्यावर आहेत, हे ठाऊक नसेल तर रंग दिसला काय आणि न दिसला काय, त्यावरून काहीच म्हणता येत नाही. म्हणून या लेखाचा निम्मा भाग वाढ मोजण्यावर आहे. तो गाळून थेट पाचव्या पायरीवर उडी मारायचा मोह होईल. मलाही झाला होता.

प्रयोगाआधी: हे चालतं कसं

कोरम म्हणजे सभेची गणपूर्ती. ठरावीक सदस्य जमल्याशिवाय ठराव मांडता येत नाही, तसंच काही जिवाणूंचं आहे. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू थोडा थोडा बाहेर सोडत राहते. पेशी विरळ असतील तर तो पसरून नाहीसा होतो. गर्दी वाढली की आसपासचं त्याचं प्रमाण वाढतं, एक उंबरठा ओलांडला जातो आणि मग सगळ्या पेशी जवळपास एकाच वेळी काही जनुकं चालू करतात.

हे प्रथम लक्षात आलं ते उजेड देणाऱ्या समुद्री जिवाणूंमुळे. नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० साली दाखवलं की ताज्या माध्यमात हे जिवाणू वाढत राहतात, पण उजेड मात्र सुरुवातीला वाढत नाही. गर्दी झाली की तो एकदम उसळतो. त्याच जिवाणूंनी आधी वापरलेलं माध्यम दिलं तर उजेड लवकर सुरू होतो. म्हणजे पेशी माध्यमात काहीतरी सोडत होत्या. व्हिब्रिओ फिशेरीमधला तो रेणू १९८१ मध्ये ओळखला गेला. १९८३ मध्ये उजेडाची जनुकं ई. कोलायमध्ये घातली आणि ई. कोलाय उजळला. 'कोरम सेन्सिंग' हा शब्द मात्र १९९४ चा. तो फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांच्या लेखातून रुळला.

यंत्रणा दोन प्रथिनांची आहे. लक्स-आय रेणू बनवतं, लक्स-आर तो ओळखतं. रेणू बसलेलं लक्स-आर डीएनएला चिकटतं आणि उजेडाच्या जनुकांबरोबर लक्स-आयचं जनुकही चालू करतं, त्यामुळे संकेत आणखी वाढतो. उजेड एकदम उसळतो तो या चक्रामुळे. हवाईच्या किनाऱ्यावरचा एक छोटा स्क्विड हे जिवाणू आपल्या प्रकाश-अवयवात पाळतो. तिथे ते दाटीवाटीनं राहतात आणि उजळतात. मोकळ्या समुद्रात विरळ असतात, तेव्हा उजळत नाहीत. स्क्विड रोज पहाटे त्यातले बहुतेक जिवाणू बाहेर टाकून देतो आणि उरलेल्यांपासून रात्रीपर्यंत पुन्हा गर्दी तयार होते. माझ्या मते कोरम सेन्सिंगचा सगळ्यात सुंदर ग्रोथ कर्व्ह (वाढीचा आलेख) तोच आहे.

सगळे जिवाणू हीच भाषा बोलत नाहीत. वरचा रेणू ॲसिल होमोसेरिन लॅक्टोन या कुळातला, पुढे मी त्याला एएचएल म्हणेन. ही मुख्यतः ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंची रीत. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू छोटे पेप्टाइड वापरतात, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस ऑरियसची एजीआर यंत्रणा. या लेखातले प्रयोग फक्त एएचएलचे आहेत.

काय काय लागेल

- क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियमचे दोन स्ट्रेन: जांभळा रंग देणारा मूळ स्ट्रेन एटीसीसी ३१५३२ आणि त्याचा रंगहीन म्युटंट सीव्ही०२६
- सरावासाठी ई. कोलाय के-१२ चा कुठलाही साधा स्ट्रेन
- एलबी माध्यम, अगार, एमओपीएस बफर
- स्पेक्ट्रोफोटोमीटर, क्युव्हेट, शेकर-इन्क्युबेटर, ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज
- ०.२२ मायक्रोमीटरचे फिल्टर
- इथाइल ॲसिटेट, ॲसिटिक ॲसिड, डीएमएसओ, फ्यूम हूड, काचेच्या नळ्या
- शुद्ध सी६-एचएसएल (एएचएल कुळातला संकेत-रेणू), अगदी थोडा
- पानांवर क्रमांक असलेली वही. सुटे कागद नकोत.

क्रोमोबॅक्टेरियममुळे माणसाला संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर होतो. हातमोजे, एप्रन, जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची शिस्त आणि शेवटी सगळं ऑटोक्लेव्ह, यात सूट नाही. हाताला कापलं असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला काम करू द्या.

१. स्ट्रेनची ओळख करून घ्या

क्रोमोबॅक्टेरियमचे दोन मूळ स्ट्रेन प्रयोगशाळांमध्ये सर्रास सापडतात आणि दोन्ही जांभळेच. एटीसीसी ३१५३२ चा संकेत म्हणजे सहा कार्बनच्या शेपटीचा सी६-एचएसएल. एटीसीसी १२४७२ चा संकेत दहा कार्बनवाला आहे. सीव्ही०२६ हा ३१५३२ पासून बनवलेला म्युटंट. त्याचं संकेत बनवणारं जनुक मोडलं आहे, पण ओळखणारं प्रथिन शाबूत आहे. म्हणून तो मुका आहे, बहिरा नाही. बाहेरून योग्य एएचएल दिला की तो जांभळा होतो.

सापळा असा, की सीव्ही०२६ ला आखूड शेपटीचेच संकेत कळतात, साधारण चार ते आठ कार्बनचे. लांब शेपटीच्या एएचएलनं तो जांभळा होत नाहीच, उलट त्याचा रंग दबतो. म्हणजे 'पॉझिटिव्ह कंट्रोल' म्हणून शेजारी १२४७२ लावलात तर रंग येणार नाही आणि तुम्ही आठवडाभर माध्यमात चूक शोधत बसाल. डब्यावर 'सी. व्हायोलेसियम' एवढंच लिहिलं असेल तर कुठला स्ट्रेन ते विचारा. कोणालाच सांगता येत नसेल तर नवा मागवा.

स्ट्रेन आला की स्ट्रीक करा, एकेकटी कॉलनी उचला, कल्चर लावा आणि २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवून द्या. दर प्रयोगाला या साठ्यातूनच सुरुवात करा. महिनाभर एकच प्लेट फ्रिजमधून काढून वापरत राहू नका.

२. माध्यम आणि त्याचा पीएच

एक लिटर एलबीसाठी १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि १० ग्रॅम मीठ. प्लेटसाठी त्यातच १५ ग्रॅम अगार. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह. इथवर सगळ्यांना येतं.

बहुतेक जण विसरतात तो पीएच. एलबीमध्ये साखर जवळजवळ नसते, त्यामुळे जिवाणू अमिनो आम्लं खातात, अमोनिया बाहेर पडतो आणि कल्चर अल्कधर्मी होत जातं. कल्चर दाट होईपर्यंत पीएच ८ च्या वर गेलेला असतो. एएचएलची लॅक्टोन कडी अल्कधर्मी पाण्यात उघडते, आणि उघडलेला रेणू संकेत म्हणून निकामी होतो. शेपटी जितकी आखूड तितकी कडी लवकर उघडते. म्हणजे पेशी सर्वाधिक असतात नेमकं तेव्हा तुमचा संकेत नष्ट होत चाललेला असतो. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमध्ये संकेतच सापडला नाही, याचं कारण कित्येकदा एवढंच असतं.

उपाय साधा आहे: माध्यमात ५० मिलिमोलर एमओपीएस घाला आणि पीएच ७ च्या जरा खाली ठेवा. प्रयोगाच्या शेवटी पीएच पुन्हा तपासून वहीत लिहा. पीएच-पट्टीला अर्धा मिनिट लागतो.

३. ग्रोथ कर्व्ह काढा

पहिला कर्व्ह ई. कोलायवर काढा. तो लवकर वाढतो, रंग देत नाही आणि चुका माफ करतो. एका कॉलनीपासून ५ मिलिलिटर एलबीमध्ये रात्रभर कल्चर वाढवा. सकाळी त्यातलं अर्धा मिलिलिटर ५० मिलिलिटर ताज्या, आधीच ३७ अंशांना आणलेल्या माध्यमात टाका. फ्लास्क निदान २५० मिलिलिटरचा हवा. तो गळ्यापर्यंत भरला तर हवा खेळत नाही आणि वाढ ऑक्सिजनअभावी रेंगाळते. शेकर १८० ते २०० फेऱ्यांवर. मग दर २० मिनिटांनी एक मिलिलिटर काढून ६०० नॅनोमीटरवर ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा) घ्या. ब्लँक त्याच माध्यमाचा हवा, पाण्याचा नको. एलबी पिवळसर असतं.

नमुना काढताना फ्लास्क बाहेर ठेवून गप्पा मारू नका. दोन मिनिटांत तापमान उतरतं, वाढ मंदावते, आणि कर्व्हवर दर २० मिनिटांनी एक बारीक पायरी दिसू लागते. ती जिवाणूंची नसते, तुमची असते.

आता आकडे. ओडी ही पेशींची मोजणी नाही. पेशी प्रकाश विखुरतात आणि यंत्रापर्यंत कमी प्रकाश पोचतो, इतकंच ते आहे. दाटी वाढली की विखुरलेला प्रकाश पुन्हा यंत्राकडे वळतो आणि ओडी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून वाचन ०.४ च्या पुढे जाऊ लागलं की नमुना माध्यमानं दहापट पातळ करा, मोजा आणि दहानं गुणा. पातळ न करता थेट १.८ लिहिणाऱ्यांचा कर्व्ह लवकर सपाट होतो आणि त्यांना वाटतं, स्टेशनरी फेज, म्हणजे वाढ थांबल्याचा टप्पा, आली.

आलेखाचा उभा अक्ष लॉग प्रमाणात घ्या. साध्या अक्षावर कुठलीही वाढ आधी सपाट आणि मग उसळलेली दिसते. लॅग, म्हणजे वाढ सुरू होण्याआधीचा थांबा, कुठे संपला हे त्यावरून कळत नाही. लॉग अक्षावर वाढीचा मधला भाग, म्हणजे लॉग फेज, सरळ रेषा होतो. त्या रेषेवरचे दोन बिंदू घ्या. समजा ४० व्या मिनिटाला ओडी ०.०८ आणि ९० व्या मिनिटाला ०.३२. ०.०८ चे ०.१६, ०.१६ चे ०.३२, म्हणजे ५० मिनिटांत दोनदा दुप्पट; पिढीचा काळ २५ मिनिटं. समृद्ध माध्यमात ३७ अंशांवर ई. कोलाय २० मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. तुमचा आकडा ६० मिनिटं आला असेल तर तापमान, हवा आणि माध्यम तपासा.

टप्प्यांची नावं पाठ असतीलच, पण प्रयोग करणाऱ्यासाठी त्यांचा अर्थ थोडा वेगळा असतो. लॅग हा जिवाणूचा गुणधर्म नाही, तुमच्या इनॉक्युलमचा (सुरुवातीला टाकलेल्या कल्चरचा) इतिहास आहे. कल्चर जितकं जुनं आणि उपाशी, तितका लॅग लांब. दोन फ्लास्कची तुलना करायची असेल तर दोन्हींची सुरुवात एकाच वयाच्या कल्चरपासून करा. लॉग फेजमध्ये पेशी एकसारख्या असतात, म्हणून तुलना करायला ती सगळ्यात चांगली. स्टेशनरी फेजमध्ये पेशी झोपत नाहीत. उपासमारीला तोंड द्यायला शेकडो जनुकं चालू होतात, ई. कोलायमध्ये आरपीओ-एस नावाच्या घटकामुळे. इथे एक घोटाळा दडला आहे. एखादं जनुक गर्दीत चालू झालं तर ते संकेतामुळे की उपासमारीमुळे? नुसत्या कर्व्हवरून हे सांगता येत नाही. उत्तर पाचव्या पायरीत.

कर्व्हच्या मध्येच सपाट पायरी येऊन पुन्हा चढ लागला तर घाबरू नका. माध्यमात दोन प्रकारचं अन्न असेल तर जिवाणू आधी एक संपवतात, जरा थांबतात, मग दुसऱ्याकडे वळतात. जाक मोनो यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला साखरांच्या जोड्यांवर हेच पाहिलं, आणि जनुकं चालू-बंद कशी होतात याच्या अभ्यासाची वाट तिथूनच निघाली.

ई. कोलाय जमला की हाच प्रयोग क्रोमोबॅक्टेरियमवर करा, पण ३० अंशांवर. इथे एक नवी अडचण येते. व्हायोलॅसिन हे जांभळं रंगद्रव्य ५८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि त्याचा पट्टा ६०० पर्यंत पसरलेला असतो. म्हणजे जांभळ्या कल्चरचा ६०० वरचा ओडी म्हणजे पेशी अधिक रंग. मूळ स्ट्रेन सीव्ही०२६ पेक्षा 'जास्त वाढतो' असा निष्कर्ष मी एकदा आकृतीसकट मांडला होता. ७०० नॅनोमीटरच्या पुढे, उदाहरणार्थ ७२० वर मोजा. तिथे रंगाचा अडथळा नगण्य असतो.

४. ओडी आणि जिवंत पेशी यांची सांगड

ओडीला मेलेली पेशी आणि जिवंत पेशी सारखीच. स्टेशनरी फेजमध्ये ओडी तासन् तास सपाट राहतो आणि आत पेशी मरत असतात. म्हणून निदान एका कर्व्हसाठी कॉलन्या मोजाच.

दर दोन तासांनी नमुना घ्या आणि दहा-दहा पटींनी पातळ करत जा. प्रत्येक पायरीला नवी टिप, प्रत्येक नळी व्होर्टेक्स. टिप न बदलणं ही इथली सगळ्यात महागडी काटकसर आहे. टिपेला चिकटलेल्या दाट कल्चरचा थेंब पुढच्या नळीत जातो आणि सगळे आकडे फुगतात. ज्या प्लेटवर ३० ते ३०० कॉलन्या आहेत तीच मोजा. दहा लाख पट पातळ केलेल्या नळीतून ०.१ मिलिलिटर पसरलं आणि ६४ कॉलन्या आल्या, तर ६४ गुणिले १० गुणिले १० लाख, म्हणजे मिलिलिटरला ६४ कोटी पेशी. ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे ढोबळमानानं ८० कोटी. पण हा आकडा उसना घेऊ नका. यंत्र बदललं, स्ट्रेन बदलला, पेशींचा आकार बदलला की तो बदलतो. क्रोमोबॅक्टेरियमला तर तो लागू नाहीच.

५. संकेत आहे का ते पाहा

आता कुठे कोरम सेन्सिंग.

सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे शेजारी-शेजारी ओढलेल्या रेघा. एलबी अगारवर सीव्ही०२६ ची रेघ ओढा, तिच्यापासून सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर तपासायच्या जिवाणूची. ३० अंशांवर २४ ते ४८ तास. शेजारी आखूड एएचएल बनवत असेल तर सीव्ही०२६ ची रेघ त्याच्या बाजूनं जांभळी होऊ लागते. कंट्रोल दोन: सीव्ही०२६ एकटा, जो पांढराच राहायला हवा, आणि सीव्ही०२६ शेजारी ३१५३२.

सीव्ही०२६ ला कॅनामायसिन लागू पडत नाही, म्हणून त्याच्या नेहमीच्या प्लेटमध्ये ते घातलेलं असतं. या चाचणीच्या प्लेटमध्ये मात्र घालू नका. शेजारी बिचारा मरेल आणि तुम्ही लिहाल, 'संकेत नाही'.

रंग आला नाही तर 'आखूड शेपटीचा एएचएल दिसला नाही' एवढंच म्हणा. लांब शेपटीचा संकेत असेल, पेप्टाइड असेल किंवा त्या माध्यमात तो बनतच नसेल. लांब शेपट्यांसाठी ॲग्रोबॅक्टेरियमवर आधारलेले रिपोर्टर स्ट्रेन (संकेत कळला की रंगानं दाखवणारे) मिळतात. ते एक्स-गाल नावाच्या पदार्थावर निळे होतात आणि त्यांना संकेतांचे कितीतरी जास्त प्रकार कळतात.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते, कारण ती १९७० च्या त्या युक्तिवादाचीच नक्कल आहे, आणि संकेत की उपासमार या प्रश्नाचं उत्तर तीच देते. मूळ स्ट्रेनचं दाट कल्चर सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ०.२२ च्या फिल्टरमधून गाळा. हे 'वापरलेलं माध्यम' विरळ सीव्ही०२६ ला द्या. पेशी थोड्या असतानाच रंग आला तर तो गर्दीचा परिणाम नाही, गाळलेल्या पाण्यातल्या कशाचा तरी आहे.

पण वापरलेल्या माध्यमात अन्न संपलेलं असतं आणि कचरा साठलेला असतो. कशावरून रंग त्यामुळेच आला नाही? म्हणून दोन गोष्टी करा. एक, वापरलेलं आणि ताजं दुप्पट तीव्रतेचं माध्यम निम्मं निम्मं मिसळा, म्हणजे अन्नाची उणीव भरून निघते. दुसरी, आणि हा या सगळ्या लेखातला माझा लाडका कंट्रोल: सीव्ही०२६ नं स्वतः वापरलेलं माध्यम. त्यातही अन्न तितकंच संपलेलं, कचराही तितकाच. फरक फक्त संकेताचा. मूळ स्ट्रेनच्या माध्यमानं रंग आला आणि सीव्ही०२६ च्या माध्यमानं आला नाही, तर मग खुशाल 'संकेत' हा शब्द वापरा.

तरीही पेशी 'गर्दी मोजतात' असं म्हणताना जरा सावध राहा. रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ मध्ये असा मुद्दा मांडला की पेशी कदाचित शेजाऱ्यांची मोजदाद करतच नसतील; आपण सोडलेला रेणू भोवती साठतो की वाहून जातो, एवढंच त्या तपासत असतील. वाद बाजूला ठेवला तरी व्यवहारात हे जाणवतं. हलत्या फ्लास्कमध्ये संकेत सगळीकडे सारखा पसरतो, तर अगारवरच्या एका कॉलनीत तो जागच्या जागी साठतो. प्लेटवरचा निकाल आणि फ्लास्कमधला निकाल जुळला नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका.

६. संकेत वेचून काढा

कल्चर लॉग फेजच्या अखेरीस असताना घ्या. रात्रभर पडलेलं नको, कारण वर पीएचबद्दल सांगितलं आहेच. पेशी खाली बसवा. वरच्या पाण्यात तेवढंच इथाइल ॲसिटेट घाला, ज्यात ०.१ टक्का ॲसिटिक ॲसिड मिसळलेलं आहे. नीट हलवा, थर वेगळे होऊ द्या, वरचा थर काढून घ्या. इथाइल ॲसिटेट पाण्यापेक्षा हलकं, म्हणून संकेत वरच्या थरात. असं आणखी दोनदा. तिन्ही अर्क एकत्र करून निर्जल सोडियम सल्फेटनं पाणी टिपून घ्या आणि फ्यूम हूडमध्ये द्रावक उडू द्या. तळाशी उरतं ते थोड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून उणे २० वर ठेवा. पाण्यात साठवू नका.

इथे मी तीन वेळा तोंडावर पडले. पहिल्यांदा अर्क नेहमीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत घेतला. ती पॉलिस्टायरिनची होती. इथाइल ॲसिटेटनं ती मऊ करून टाकली आणि माझ्या अर्कात संकेताबरोबर नळीही आली. काच वापरा, नाहीतर पॉलिप्रोपिलीन. दुसऱ्यांदा द्रावक पूर्ण उडायच्या आतच अर्क अगारच्या खड्ड्यात टाकला. त्या वासानंच भोवतालचा सीव्ही०२६ मेला. तिसऱ्यांदा सगळं नीट झालं, पण कोऱ्या माध्यमाचा असाच काढलेला अर्क शेजारी ठेवला नव्हता, म्हणून निकाल कोणी मान्य केला नाही. योग्यच केलं.

आणि हूडमध्ये बर्नर पेटता ठेवू नका. इथाइल ॲसिटेटची वाफ पेट घेते.

७. रंग मोजा

एक मिलिलिटर कल्चर सेंट्रिफ्यूज करा, पाणी ओतून टाका, खाली बसलेल्या पेशींत एक मिलिलिटर डीएमएसओ घालून रंग पूर्ण सुटेपर्यंत व्होर्टेक्स करा. पुन्हा सेंट्रिफ्यूज, आणि वरचं जांभळं द्रावण ५८५ नॅनोमीटरवर मोजा. येणाऱ्या आकड्याला पेशींच्या संख्येनं भागा. ती संख्या ७२० वरच्या ओडीची किंवा कॉलन्यांची.

व्हायोलॅसिन ट्रिप्टोफॅनपासून बनतं आणि ते बनताना ऑक्सिजन लागतो. म्हणून न हलवलेल्या नळीत रंग कमी दिसला तर तो संकेत थांबला म्हणून नव्हे, हवा कमी पडली म्हणूनही असेल. सगळ्या नळ्या एकाच शेकरवर, सारख्याच भरलेल्या ठेवा.

तीन वेगवेगळ्या कॉलन्यांपासून, शक्यतो वेगळ्या दिवशी, कल्चर लावा. एकाच फ्लास्कमधून तीनदा मोजलेले आकडे एकमेकांशी जुळणारच. त्यातून तुमच्या पिपेटचं कौतुक होतं, जिवाणूंबद्दल काही कळत नाही.

८. 'संवाद रोखणारा' पदार्थ तपासताना

बहुतेक नवखे इथूनच सुरुवात करतात, कारण यात बातमी आहे. निसर्गातही असे पदार्थ सापडतात. डेलिसिया पल्क्रा हे लाल शैवाल एएचएलशी साधर्म्य असलेले फ्युरॅनोन बनवतं. बॅसिलस कुळातल्या काही जिवाणूंकडचं एआयआयए हे विकर लॅक्टोनची कडी उघडून संकेत निकामी करतं. तेव्हा शोध घेण्यात चूक काहीच नाही. आधी या चार गोष्टी करा, एवढंच.

प्लेट उजेडासमोर धरा. रंगहीन वर्तुळ दुधी, अपारदर्शक दिसत असेल तर तिथे पेशी वाढल्या आहेत आणि रंग बनलेला नाही. स्वच्छ पारदर्शक असेल तर पेशी नाहीत. बऱ्याचदा आतलं वर्तुळ पारदर्शक आणि त्याभोवती दुधी कडा दिसते. जवळ मारक, दूर सौम्य. अशा वेळी कडेतल्या आणि बाहेरच्या अगारचे सारख्या मापाचे तुकडे कापा आणि जिवंत पेशी मोजा.

पदार्थाचं वाढ थांबवणारं किमान प्रमाण आधी शोधा. मग त्याच्या एक-चतुर्थांश, एक-अष्टमांश, एक-षोडशांश प्रमाणात संपूर्ण ग्रोथ कर्व्ह काढा. शेवटचा ओडी जुळला म्हणजे झालं असं समजू नका. वाढ दोन तास उशिरा सुरू होऊन शेवटी तिथेच पोचलेली असू शकते, आणि मग रंगही दोन तास मागे असतो. तुलना सारख्या वेळेची नको, सारख्या पेशीसंख्येची हवी.

मग वरून जास्तीचा सी६-एचएसएल घाला. पदार्थ संकेताच्या जागेसाठी स्पर्धा करत असेल तर संकेत वाढवल्यावर रंग परत यायला हवा. नाहीच आला, तर तो पदार्थ कदाचित थेट व्हायोलॅसिन बनवणाऱ्या विकरांनाच अडवत असेल, आणि त्याचा संकेताशी संबंध नसेल.

चौथी गोष्ट, वेगळ्या यंत्रणेवरचा दुसरा रिपोर्टर. एका जांभळ्या जिवाणूवरून कोरम सेन्सिंगबद्दल बोलू नये.

माझ्या त्या अर्कावर मी पुढे हे सगळं केलं, त्यात पाच आठवडे गेले. एक-षोडशांश प्रमाणात वाढ अगदी शाबूत होती. रंगही शाबूत होता.